परिचारिकेचे गणित : औषधाची मात्रा आणि तातडीची शुश्रूषा

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या एका परिचर्या प्रशिक्षण विद्यालयात परीक्षेपूर्वीचा सराव चालू होता. तो पाहण्याची संधी प्रस्तुत लेखकाला मिळाली. फळ्यावर प्रश्न लिहिलेला होता : बालकाचे वजन १० किलोग्रॅम आहे. ताप उतरविण्यासाठी वजनाच्या दर किलोग्रॅममागे १५ मिलिग्रॅम याप्रमाणे पॅरासिटामॉल द्यावयाचे आहे. बाटलीतील औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे. तर किती औषध द्याल?

पुढच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने लगेच हात वर केला आणि सांगितले, "सहा."

"सहा काय?" पाठ्यनिर्देशिकांनी विचारले.

"सहा मिलिलिटर, मॅडम."

"कोणत्या बाटलीतले?"

या प्रश्नाने वर्ग शांत झाला. पाठ्यनिर्देशिकांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या. एक नेहमीच्या पातळ औषधाची होती, तर दुसरी तान्ह्या मुलांना द्यावयाच्या थेंबांची. दोन्हींत औषध एकच. परंतु थेंबांच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम औषध होते. त्या बाटलीतून दीड मिलिलिटर औषध पुरेसे झाले असते. सहा मिलिलिटर दिले असते, तर बालकाच्या पोटात १५० ऐवजी ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध गेले असते. मुलीचा गुणाकार बरोबर होता, भागाकारही बरोबर होता. मात्र बाटली पाहिल्यावाचून ते उत्तर अपुरे होते.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात औषधाच्या मात्रेचे गणित आणि तातडीची रुग्णसेवा या दोन विषयांवर इतका भर का दिला जातो, हे त्या एका प्रश्नावरून ध्यानात यावे. डॉक्टर औषध लिहून देतात, औषधनिर्माता ते पुरवितो. परंतु ते रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वीचा शेवटचा हात बहुधा परिचारिकेचा असतो. आधी कोठे चूक झाली असेल, तर ती येथे अडू शकते. येथे झालेली चूक अडविणारे पुढे कोणी नसते.

शिक्षणाची चौकट

आपल्या देशात परिचर्या शिक्षणाला एकसूत्रता आणण्यासाठी १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. महाराष्ट्रात परिचारिकांच्या नोंदणीसंबंधीचा अधिनियम १९६६ चा आहे. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि परिचर्येचे पदवी शिक्षण त्याच्या कक्षेत आले. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा संमत केला. सहायक परिचारिका प्रसविका, सामान्य परिचर्या व प्रसविका आणि पदवी असे तीन मार्ग विद्यार्थ्यांपुढे आहेत. आता या व्यवसायात मुलगेही येऊ लागले आहेत. मार्ग कोणताही असो, मात्रेचे गणित कोणालाही चुकलेले नाही.

या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण खेड्यापाड्यांतील मराठी शाळांतून आलेले असतात. औषधावरील लेबल व केसपेपर इंग्रजीत असल्याने काहींच्या मनात सुरुवातीला धास्ती असते. आपले गणित कच्चे आहे, अशीही अनेकांची समजूत असते. वस्तुतः हे गणित नवे नाही. आपण सर्वांनी शाळेत शिकलेले ते त्रैराशिकच आहे. पाच केळ्यांना इतके रुपये, तर तीन केळ्यांना किती, हे ज्याला सांगता येते त्याला औषधाची मात्राही काढता येते. द्यावयाची मात्रा भागिले हाती असलेल्या औषधाची मात्रा, गुणिले ते औषध ज्या द्रवात आहे त्याचे आकारमान, एवढेच ते सूत्र आहे. वरील उदाहरणात १५० भागिले १२५, गुणिले ५, म्हणजे ६ मिलिलिटर.

अवघड आहे ते सूत्राभोवतीचे भान. ग्रॅम, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत प्रत्येक पायरीला हजाराचे अंतर आहे. एक पायरी चुकली तर औषध हजारपट होते किंवा हजारांश उरते. दशांश चिन्हाचेही तसेच आहे. अर्धा मिलिग्रॅम लिहिताना चिन्हापूर्वी शून्य लिहिले नाही, तर घाईत ते चिन्ह नजरेतून सुटते आणि अर्ध्याचे पाच होतात. उलट, पाच लिहिताना पुढे चिन्ह देऊन शून्य लिहिले, तर पाचाचे पन्नास वाचले जाण्याचा संभव असतो. म्हणून अपूर्णांकापूर्वी शून्य अवश्य लिहावे आणि पूर्णांकापुढे कधीही लिहू नये, असा दंडक विद्यार्थ्यांकडून गिरवून घेतला जातो. युनिट हा शब्द आद्याक्षराने न लिहिता पूर्ण लिहावा, कारण इंग्रजीतील ते आद्याक्षर शून्यासारखे दिसते, हाही त्याच शिस्तीचा भाग आहे.

थेंबांचा हिशेब

वॉर्डात रोज लागणारे गणित सलाईनचे. ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्यावयाचे आहे. नेहमीच्या संचातून २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे एकूण थेंब १०,००० आणि मिनिटे २४०. भागाकार ४१.६७ येतो, म्हणून मिनिटाला सुमारे ४२ थेंब. लहान मुलांसाठी वापरावयाच्या सूक्ष्म संचात मात्र ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. तेथे तासाला जितके मिलिलिटर द्यावयाचे, तितकेच थेंब मिनिटाला पडावे लागतात. बालकाला तासाला ३० मिलिलिटर द्यावयाचे असल्यास मिनिटाला ३० थेंब. हेच ३० थेंब मोठ्यांच्या संचातून सोडले, तर तासाला ३० ऐवजी ९० मिलिलिटर द्रव बालकाच्या शरीरात जाईल. दुर्बल बालकाच्या हृदयाला आणि फुफ्फुसांना हा भार झेपेलच असे नाही. थेंब मोजण्यापूर्वी संचाच्या वेष्टनावरील आकडा वाचावयाचा, तो याकरिता.

इन्सुलिनचे उदाहरण तर प्रत्येक घराशी निगडित झाले आहे. आपल्याकडे कुपीतून मिळणारे इन्सुलिन बहुधा १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट या प्रमाणाचे असते. पेनमध्ये बसवावयाच्या नळीत ते १०० युनिट असते. दोन्हींसाठी सिरिंजही निरनिराळ्या मिळतात. ४० युनिटचे इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर प्रत्यक्षात ८ युनिटच भरले जाते आणि रुग्णाची साखर वाढतच राहते. उलट, १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर २० ऐवजी ५० युनिट जाते. साखर एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध होऊ शकतो आणि वेळीच उपाय न झाल्यास दगावूही शकतो. दोन्ही वेळा परिचारिकेने रेघ बरोबर २० चीच पाहिलेली असते.

लसीकरण सत्राच्या ठिकाणी ठेवल्या जाणाऱ्या अॅड्रेनॅलिनच्या कुपीवर 'एकास हजार' असे प्रमाण लिहिलेले असते. त्याचा अर्थ हजार मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम, म्हणजेच एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. लसीनंतर क्वचित एखाद्या बालकाला तीव्र प्रतिक्रिया येते, श्वास अडतो, नाडी क्षीण होते. अशा वेळी किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम याप्रमाणे १० किलोच्या बालकाला ०.१ मिलिलिटर, म्हणजे एका मिलिलिटरचा दहावा भाग, स्नायूत द्यावा लागतो. प्रमाणाचा अर्थ लावण्यासाठी कागद-पेन्सिल शोधण्याइतका अवधी तेव्हा नसतो. तो अर्थ आधीच अंगवळणी पडलेला असावा लागतो.

जेथे वजन मोजावयाचे नसते

गणिताचा सराव करताना आणखी एक गोष्ट शिकविली जाते : गणित कोठे करू नये. पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांच्या विषांवर चालणारे एकत्रित प्रतिविष आपल्या देशात वापरले जाते. मुंबईत परळ येथे असलेल्या हाफकिनचे नाव या औषधाच्या निर्मितीशी निगडित आहे. विषबाधेची लक्षणे असतील, तर सुरुवातीला सामान्यतः १० कुप्या दिल्या जातात आणि मोठ्या माणसाला जितक्या, तितक्याच बालकालाही दिल्या जातात.

वजनानुसार मात्रा कमी करण्याची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हे प्रथम विपरीत वाटते. परंतु प्रतिविष द्यावयाचे ते विषाला, शरीराला नव्हे. साप चावताना समोर मूल आहे की प्रौढ, हे पाहून विष सोडत नाही. उलट, लहान शरीरात तेच विष अधिक घातक ठरते. अशा वेळी वजनाचा हिशेब करून कुप्या निम्म्या करणे म्हणजे बालकाला निम्म्या उपचारावर सोडणे होय. परीक्षेत असा प्रश्न मुद्दाम घातला जातो, कारण सूत्र पाठ असणे आणि त्यामागील कारण समजणे यांतील फरक तेथे उघड होतो.

प्रथम कोणाकडे?

तातडीच्या शुश्रूषेवरील प्रश्नांचे स्वरूप निराळे असते. त्यांत आकडे थोडे आणि माणसे अधिक. त्या दिवशी वर्गात विचारलेला प्रश्न असा होता : रात्रपाळीला आपण एकट्या आहात. एकाच वेळी चार ठिकाणांहून हाक आली. शस्त्रक्रिया झालेला एक रुग्ण वेदनेने विव्हळत इंजेक्शन मागत आहे. तापाने फणफणलेल्या मुलाची आई रडत आहे. सकाळी घरी जावयाच्या रुग्णाचे नातेवाईक कागदांसाठी आवाज चढवून बोलत आहेत. एक तासापूर्वी बाळंत झालेली बाई हळूच म्हणते, "सिस्टर, जरा चक्कर येतेय." प्रथम कोणाकडे जाल?

अनेकांनी रडणाऱ्या आईकडे जाण्याचे ठरविले. ते माणुसकीला धरूनच होते. परंतु उत्तर बाळंतिणीकडे हे होते. प्रसूतीनंतरची चक्कर हे अतिरक्तस्रावाचे लक्षण असू शकते. नाडी जलद आहे का, कापड भिजले आहे का, गर्भाशय घट्ट आहे की सैल, हे त्याच क्षणी पाहावयास हवे. स्राव होत असेल, तर मदतीसाठी हाक मारणे, गर्भाशय चोळून घट्ट करणे, मूत्राशय रिकामे करणे, सलाईन चालू करणे आणि डॉक्टरांच्या आदेशानुसार किंवा ठरवून दिलेल्या उपचारपद्धतीप्रमाणे ऑक्सिटोसिन देणे, ही कामे रुग्णाला न सोडता एकापाठोपाठ करावयाची असतात. प्रसूती होताच अतिस्राव टाळण्यासाठी प्रत्येक मातेला १० युनिट ऑक्सिटोसिन देण्याची पद्धत आहे. कुपी ५ युनिटची असल्यास दोन कुप्या लागतात. येथेही कुपीवरचा आकडा वाचावाच लागतो.

श्वासमार्ग, श्वास आणि रक्ताभिसरण हा तातडीच्या तपासणीचा क्रम सर्वांना शिकविला जातो. जो मोठ्याने ओरडू शकतो त्याचा श्वास निदान चालू असतो; जो गप्प झाला आहे त्याच्याकडे आधी पाहावे, हा त्यातील व्यवहारी अर्थ. इतर तिघांना सोडून द्यावयाचे नसते. "दोन मिनिटांत येते, तोवर मुलाच्या अंगावरचे पांघरूण कमी करा" एवढे त्या आईला जाता जाता सांगणे हासुद्धा शुश्रूषेचाच भाग आहे आणि त्यालाही परीक्षेत गुण असतात.

भीतीचीही एक चूक असते

मात्रेचे गणित आणि तातडीचे भान या दोहोंची एकत्र कसोटी लागते ती गरोदरपणातील आकडीच्या प्रसंगी. रक्तदाब वाढलेल्या गरोदर स्त्रीला आकडी येते, ती बेशुद्ध होते, आई व बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. यावर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांना सहभागी करून घेतलेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा रक्तदाबाच्या रुग्णांना हे औषध दिल्यास आकडी येण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी होतो, असे त्यात आढळून आले.

मोठ्या रुग्णालयाकडे पाठविण्यापूर्वी प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम, असे एकूण १० ग्रॅम औषध स्नायूत खोलवर द्यावयाचे असते. पन्नास टक्के तीव्रतेच्या २ मिलिलिटरच्या कुपीत १ ग्रॅम औषध असते. म्हणजे एका बाजूला पाच आणि दुसऱ्या बाजूला पाच, अशा दहा कुप्या फोडाव्या लागतात.

येथे अडचण उभी राहते. एका वेळी दोनतीनपेक्षा अधिक कुप्या लागतात असे उत्तर आले, तर थांबावे आणि पुन्हा तपासावे, असे विद्यार्थ्यांना सतत सांगितलेले असते. तो नियम योग्यच आहे. अनेक चुका त्याने टळतात. परंतु ज्या परिचारिकेने हा प्रसंग सरावात कधी हाताळलेला नाही, तिला दहा कुप्यांची रास पाहून धसका बसतो. आपले काही चुकत असावे, असे वाटून ती दोन कुप्या देते आणि रुग्णाला वाहनात बसवून देते. वाटेत पुन्हा आकडी येते. मात्रा अधिक झाल्याने जशी हानी होते, तशी भीतीपोटी कमी पडल्यानेही होते, आणि ही दुसरी चूक कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

याकरिता या औषधाचा धडा पूर्ण शिकवावा लागतो. पुढची मात्रा देण्यापूर्वी श्वास मिनिटाला किमान १६ आहे ना, गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल आहे ना, लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते ना, हे तपासावयाचे. श्वास मंदावलाच तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवावयाचे. धोका कोणता, तो ओळखावयाचा कसा आणि आवरावयाचा कसा, हे ठाऊक असले म्हणजे दहा कुप्या फोडताना हात थरथरत नाही. सरावाचा खरा उपयोग हा आहे.

चूक लपवू नये, अडवावी

औषधे देताना होणाऱ्या चुका हा केवळ आपल्याकडचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी निम्म्यावर आणण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. २०२२ च्या १७ सप्टेंबर रोजी पाळण्यात आलेल्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनाचा विषयही औषधसुरक्षा हाच होता. बहुतेक चुका अज्ञानाने नव्हे, तर थकव्याने, व्यत्ययाने आणि सारख्या दिसणाऱ्या वेष्टनांमुळे होतात, हा या विषयातील सर्वत्र आलेला अनुभव आहे.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ या पाच गोष्टी पडताळून मगच औषध द्यावे, ही परिचर्येची जुनी शिस्त आहे. इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड यांसारख्या जोखमीच्या औषधांचा हिशेब दोघींनी स्वतंत्रपणे करावा आणि उत्तरे जुळल्यावरच औषध भरावे. पोटॅशियमची कुपी तर थेट शिरेत कधीही देऊ नये. ती सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यावयाची असते, अन्यथा हृदय बंद पडू शकते. आदेश अस्पष्ट असल्यास डॉक्टरांना पुन्हा विचारणे हा परिचारिकेचा उद्धटपणा नसून तिचे कर्तव्य आहे. हे वरिष्ठांनीही मान्य केले पाहिजे.

आपला वाटा

हा विषय रुग्णालयाच्या भिंतींआड राहणारा नाही. शिक्षक बंधुभगिनींनी त्रैराशिक शिकविताना उत्तरापुढे परिमाण लिहिण्याचा आग्रह धरला, तर उद्याच्या परिचारिकेची अर्धी तयारी शाळेतच होईल. "सहा काय?" हा प्रश्न सातवीच्या वर्गातही विचारता येतो. क्षार संजीवनीचे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच का विरघळवावयाचे, याचे प्रात्यक्षिक मुलांकडून करवून घेता येईल. पेल्यात अर्धे पाकीट अंदाजाने टाकले, तर द्रावण दाट होऊन अपाय होतो आणि पाणी जास्त झाले तर गुण येत नाही, हे मुले घरी जाऊन सांगतील.

पंचायतीच्या सदस्यांनी उपकेंद्रास भेट देताना भिंतीच्या रंगाबरोबर वजनकाट्याकडेही पाहावे. काटा बिघडलेला असेल, तर वजनावर आधारलेले प्रत्येक गणित चुकणार. औषधे भरण्याच्या टेबलावर रात्री पुरेसा उजेड आहे का, शीतपेटी चालू आहे का, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला दारापर्यंत येण्याजोगा रस्ता आहे का, हे पाहणे ग्राम आरोग्य समितीच्या आवाक्यातले आहे. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे; परंतु ती येईपर्यंतची मिनिटे परिचारिकेच्या हाती असतात.

अधिकाऱ्यांनी साठ्याची तपासणी करताना इन्सुलिनला साजेशी सिरिंज आहे का आणि मॅग्नेशियम सल्फेटच्या निदान दहा कुप्या एकत्र उपलब्ध आहेत का, हे विचारावे. पाच कुप्या शिल्लक असणे म्हणजे साठा असणे नव्हे. परिचारिका औषधे भरत असताना तिला नोंदवहीसाठी बोलावू नये, एवढी लहानशी सूचनाही पुष्कळ काही साधील.

या लेखातील मात्रा विषय समजावा म्हणून दिल्या आहेत. घरी औषध देताना डॉक्टरांचा किंवा परिचारिकेचा सल्लाच प्रमाण मानावा.

सराव संपताना पाठ्यनिर्देशिकांनी पहिलाच प्रश्न पुन्हा फळ्यावर लिहिला. त्याच विद्यार्थिनीने हात वर केला, मात्र या वेळी ती उठून टेबलापाशी गेली, बाटली हातात घेऊन तिने लेबल वाचले आणि मग म्हणाली, "या बाटलीतले सहा मिलिलिटर, मॅडम. त्या बाटलीतले दीड." पाठ्यनिर्देशिकांनी मान डोलावली आणि पुढील प्रश्न घेतला.